विहिरीचा दृष्टान्त आणि संगमरवराची देवळं: अबू ते रणकपूर

मागच्या व्याख्यानात आपण वेरूळच्या जैन लेण्यांपाशी थांबलो होतो. क्रमांक ३० ते ३४ ची ती लेणी. तिथे डोंगर आधीपासून उभा होता. कारागिरांनी त्यातला नको तो दगड काढून टाकला आणि इंद्रसभा शिल्लक राहिली. आज आपल्याला तिथून उत्तरेला जायचं आहे, गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवर, अरवलीच्या रांगेत. तिथे काम उलट्या दिशेने झालं. दगड खाणीतून काढला, सुमारे १२०० मीटर उंचीच्या अबूच्या डोंगरावर चढवला, कोरला आणि एकावर एक रचून पोकळी तयार केली. ही देवळं आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. दिलवाड्याला जाऊन मान वर करून छत बघितलं नाही असा माणूस विरळाच.

मान वर केली की माणूस गप्प होतो. पण बाहेर आल्यावर एक प्रश्न पडतो, आणि पडला पाहिजे. जैन परंपरेत अपरिग्रह हे महाव्रत आहे. साधूजवळ स्वतःचं असं काही नसतं. ज्याची मूर्ती गाभाऱ्यात बसवली आहे तो तीर्थंकर वीतराग आहे. त्याला काही नको, तो कुणावर प्रसन्न होत नाही, कुणावर रागावत नाही, नवस फेडायला येत नाही. मग ज्याला काहीच नको त्याच्यासाठी एवढं कशाला? असंग्रहाची शिकवण देणाऱ्या धर्माने भारतातल्या सर्वांत श्रीमंत दिसणाऱ्या वास्तू का बांधल्या? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं. विसंगती दिसली की आम्हाला तिथे बसावंसं वाटतं. तर आज त्या विसंगतीतच बसू. मात्र आधी इतिहास नीट समजून घ्यायला हवा, कारण इतिहास कच्चा राहिला की तत्त्वज्ञान हवेत जातं.

दिलवाड्याला एकूण पाच जैन मंदिरं आहेत. त्यांतली दोन सर्वांत महत्त्वाची: विमल वसही आणि लूण वसही. ‘वसही’ म्हणजे वसती, देवाचं राहण्याचं ठिकाण. विमल वसही पहिले तीर्थंकर आदिनाथ यांची. ती विमल नावाच्या माणसाने विक्रम संवत १०८८ मध्ये, म्हणजे इ.स. १०३१-३२ मध्ये स्थापन केली. विमल हा गुजरातच्या चौलुक्य राजा पहिल्या भीमदेवाचा दंडनायक. आज आपण सैन्याचा आणि मुलखाचा अधिकारी म्हणू तसा. अबूच्या पायथ्याशी असलेल्या चंद्रावतीवर त्याची नेमणूक होती. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी, विक्रम संवत १२८७ मध्ये, म्हणजे इ.स. १२३०-३१ मध्ये, शेजारीच लूण वसही उभी राहिली. ती बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची. ती बांधली तेजपालाने. तेजपाल आणि त्याचा थोरला भाऊ वस्तुपाल हे धोळक्याच्या वाघेला राणा वीरधवलाचे मंत्री.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ही देवळं राजांनी बांधलेली नाहीत. विमल, वस्तुपाल, तेजपाल हे सगळे प्राग्वाट म्हणजे पोरवाड कुळातले. व्यापारी जातीतली, दरबारात मोठ्या पदांवर पोचलेली माणसं. विमल तर लढायांत उतरलेला माणूस. अबूचा परमार राजा धंधुक याला चौलुक्यांच्या कह्यात आणण्याचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे अहिंसेचं व्रत मानणारा श्रावक आणि तलवार बांधणारा अधिकारी, दोन्ही एकाच माणसात. परंपरा सांगते की त्या हिंसेचं ओझं हलकं व्हावं म्हणून आचार्यांच्या सांगण्यावरून त्याने हे देऊळ बांधलं. जागेसाठी जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून त्याने ती विकत घेतली, अशीही कथा आहे. कथा म्हणूनच ती ऐकावी. पण समाजाच्या आठवणीत या देवळाशी दोन गोष्टी कायमच्या बांधल्या गेल्या, पाप आणि पैसा, एवढं त्या कथेतून नक्की कळतं.

आता दगडाकडे वळू. अबूच्या डोंगरावर ग्रॅनाइट आहे, संगमरवर नाही. पांढरा दगड आला तो अंबाजीजवळच्या आरासण डोंगरातून. त्याच आरासणला, आजच्या कुंभारियाला, अकराव्या शतकापासूनची संगमरवरी जैन मंदिरं आहेत. तिथलं महावीराचं मंदिर १०६२ चं. म्हणजे खाण आणि देवळं शेजारी शेजारी. गुजरातीत संगमरवराला ‘आरस’ म्हणतात, आपण मराठीत ‘आरसपानी’ म्हणतो, आणि खाणीचं नाव आरासण. शब्दांची ही सोयरीक कशी जुळली ते भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू, पण कानाला ती ऐकू येते खरी. एक घनमीटर संगमरवराचं वजन सुमारे २७०० किलो भरतं. असे दगड घाटातून वर नेले. हत्तींवरून नेले, अशी आठवण सांगितली जाते.

रचना कशी आहे ते थोडक्यात पाहू. मध्ये गाभारा, त्याच्यापुढे बंद असा गूढमंडप, मग खांबांची चौकी, मग मोकळा रंगमंडप. या सगळ्याभोवती आयताकृती अंगण. अंगणाच्या चारही बाजूंना ओवऱ्या आणि ओवऱ्यांत छोट्या देवळ्या, त्यांना देवकुलिका म्हणतात. विमल वसहीत अशा पन्नासहून जास्त देवकुलिका आहेत. प्रत्येकीत तीर्थंकराची मूर्ती आणि प्रत्येकीपुढच्या खणाला वेगळं छत. सगळ्या देवकुलिकांची तोंडं आत, पाठी बाहेर. म्हणून बाहेरून काय दिसतं? साधी, जवळजवळ कोरी भिंत. आपल्याकडे सिन्नरला गोंदेश्वर पाहताना देवळाचं वैभव बाहेरूनच दिसतं. भिंतीभोवती फिरा आणि शिल्पं बघा. दिलवाड्याला रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. स्थापत्याचे अभ्यासक या शैलीला मारू-गुर्जर म्हणतात. पण एवढं साधं बाहेर आणि एवढं कोरीव आत, हा फरक इथे जितका टोकाचा आहे तितका या शैलीतही सगळीकडे नाही.

रंगमंडपाचं छत घुमटाकार दिसतं, पण ती कमान नव्हे, बरं का. गोल घुमटात दगड पाचरीसारखे एकमेकांना रेटतात. इथे तसं नाही. इथे चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून अष्टकोन केला जातो, त्यावर आणखी बाजूंचा बहुकोन, मग वर्तुळ. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकतो. शेवटी मध्ये लहानसं भोक राहतं, ते एका दगडाने बंद होतं. आपल्या तथाकथित हेमाडपंती देवळांतही हीच पद्धत आहे: चुन्याशिवाय, वजनावर वजन. फरक असा की अबूच्या कारागिरांनी तो शेवटचा दगड खाली लोंबता ठेवला. उमलत्या कमळासारखी, पाकळ्यांवर पाकळ्या असलेली ती पद्मशिला. दगड इतका तासलेला की कडेला उजेड आरपार येतो. संगमरवर छिन्नीने फार पातळ करायला गेलं की तुटतो. म्हणून शेवटचा हात घासण्याचा असतो. कारागिरांना घासून निघालेल्या भुकटीच्या वजनाइतकं सोनं किंवा चांदी दिली, अशी दंतकथा तुम्हाला तिथे कुणीही सांगेल. ती खरी असो नसो, भुकटी मात्र खरी होती. तो शब्द लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आणखी एक सूचना. विमल वसही १०३१ ची आहे असं आपण म्हणतो, पण ज्या रंगमंडपाखाली उभं राहून आपण थक्क होतो तो विमलने बांधलेला नाही. तो बाराव्या शतकाच्या मध्यावर पृथ्वीपालाने बांधला. पृथ्वीपाल हा विमलच्या भावाच्या वंशातला, राजा कुमारपालाचा मंत्री. छताला आतून टेकून उभ्या असलेल्या सोळा विद्यादेवी त्याच काळातल्या. म्हणजे एक माणूस देऊळ बांधतो आणि संपवतो, असं इथे झालेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी पुढची पिढी येते, भर घालते. देऊळ चालू राहतं.

लूण वसहीत तर आपल्या नशिबाने शिलालेखच बोलतात. तिथली प्रशस्ती ७४ श्लोकांची आहे. ती रचणारा सोमेश्वर हा चौलुक्यांचा पुरोहित, म्हणजे ब्राह्मण. जैन मंत्र्याच्या देवळाची प्रशस्ती ब्राह्मण कवीने लिहिली, यात त्या काळाला काही वावगं वाटलं नाही. देऊळ तेजपालाने पत्नी अनुपमादेवी आणि मुलगा लावण्यसिंह यांच्या पुण्यासाठी बांधलं, असं लेख सांगतो. स्थपतीचं नाव परंपरेने जपलं आहे: शोभनदेव.

दुसरा लेख तर आम्हाला प्रशस्तीपेक्षाही मोलाचा वाटतो. त्यात काव्य नाही, व्यवस्था आहे. देवळाचा कारभार कुणाच्या वंशाने बघायचा ते आहे. त्यात तेजपालाच्या भावंडांबरोबर अनुपमादेवीच्या माहेरचं, चंद्रावतीचं कुळही आहे. वर्धापनाच्या आठ दिवसांच्या उत्सवात कोणत्या दिवशी कोणत्या गावच्या श्रावकांनी पूजा करायची, त्याची गावागणिक वाटणी आहे. परमार राजा सोमसिंहाने डबाणी नावाचं गाव देवळाला दिल्याची नोंद आहे. म्हणजे बांधणाऱ्याला ठाऊक होतं की दगड आपोआप टिकत नाही. त्याला वर्षानुवर्षं कुणीतरी वारी लावून द्यावी लागते.

लेख वाचायची सवय का हवी, त्याचं एक गोड उदाहरण लूण वसहीतच आहे. गूढमंडपाच्या दाराशी दोन बाजूंना दोन अतिशय कोरीव गोखले आहेत, म्हणजे कोनाडे. त्यांना ‘देराणी-जेठाणीचे गोखले’ म्हणतात. वस्तुपाल-तेजपालाच्या बायकांनी, म्हणजे जावाजावांनी, चढाओढीने ते करवून घेतले, अशी गोष्ट सांगितली जाते. मंडळी हसतात, पुढे जातात. पण त्या गोखल्यांवरचे लेख काय म्हणतात? दोन्ही गोखले तेजपालाने आपली दुसरी पत्नी सुहडादेवी हिच्या पुण्यासाठी केले. जावांचं भांडण कुठेच नाही. बायकांच्या नावावर भांडण चिकटवणं किती सोपं असतं बघा. दगडावर खोडून काढलेलं असलं तरी लोक वाचत नाहीत.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोन्ही देवळांची मोडतोड झाली. अलाउद्दीन खलजीच्या फौजा त्या काळात या मुलखात फिरत होत्या. आचार्य जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात मोडतोडीची आणि जीर्णोद्धाराची नोंद आहे. शके १२४३ मध्ये, म्हणजे १३२१ च्या सुमारास, दोन्ही देवळं दुरुस्त झाली. विमल वसहीतला विक्रम संवत १३७८ चा लेखही हेच सांगतो. विमलने १०८८ साली देऊळ स्थापन केलं ही माहितीही आपल्याला त्याच लेखातून मिळते. तेव्हा दुरुस्ती करणारे कोण होते? मंत्री नव्हते, दंडनायक नव्हते. चौलुक्य आणि वाघेल्यांची सत्ता संपलेली होती. विमल वसही दुरुस्त केली लल्ल आणि वीजड यांच्या कुटुंबाने, लूण वसही दुरुस्त केली पेथड नावाच्या व्यापाऱ्याने. राजाश्रय गेला आणि व्यापाऱ्यांचा समाज राहिला. दोन्ही देवळं मोडल्यावर दहा-बारा वर्षांत उभी राहिली, ती त्या समाजाच्या बळावर.

आता अबू सोडून अरवलीतच थोडं ईशान्येला जाऊ, रणकपूरला. मधे दोनशे वर्षं गेली आहेत. मेवाडच्या राणा कुंभाचं राज्य. धरणाशाह नावाच्या पोरवाड श्रेष्ठीने तिथे आदिनाथाचं चतुर्मुख मंदिर बांधलं. इ.स. १४३९ च्या लेखात त्याचं नाव ‘त्रैलोक्यदीपक’ असं आहे आणि सूत्रधाराचं नाव देपाक. विसाव्या शतकात ज्या लोकांनी या देवळांची दुरुस्ती केली ते सोमपुराही याच सूत्रधार परंपरेचे. त्या दुरुस्तीमागे अहमदाबादची आणंदजी कल्याणजी पेढी आणि तिचे प्रमुख कस्तुरभाई लालभाई उभे राहिले.

रणकपूरला खांब १४४४ आहेत असं परंपरा सांगते. एका खांबासारखा दुसरा नाही, असंही म्हणतात. आम्ही आकड्याला अडत नाही. आत गेल्यावर कळतं की आकड्यापेक्षा मांडणी मोठी आहे. चारही दिशांना दारं, मध्ये चारही दिशांना तोंड करून बसलेले आदिनाथ. खांबांचं एवढं रान असूनही गाभाऱ्यातल्या मूर्तीकडे जाणारी नजर अडत नाही. मजल्यांची उंची कमी-जास्त ठेवून मधल्या मोकळ्या चौकांतून उजेड खाली सोडला आहे. सकाळी एका बाजूचे खांब उजळतात, दुपारनंतर दुसऱ्या. अबूला आपण मान वर करून थांबतो, रणकपूरला आपण चालत राहतो.

इथवर इतिहास. आता त्या विसंगतीकडे वळू.

पहिलं उत्तर परंपरेच्या आतूनच येतं. अपरिग्रह हे महाव्रत साधूचं. गृहस्थाचं व्रत वेगळं, त्याला परिग्रह-परिमाण म्हणतात. म्हणजे गृहस्थाने किती ठेवायचं याची मर्यादा स्वतः आखायची, आणि त्यापलीकडचं सोडायचं. सोडायचं तर कुठे सोडायचं? त्यासाठी सात क्षेत्रं सांगितली आहेत: जिनमूर्ती, जिनमंदिर, शास्त्रग्रंथ, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात हा विचार आहे. आणि एकदा देवाला दिलेलं द्रव्य, म्हणजे देवद्रव्य, देणाऱ्याला परत घेता येत नाही, स्वतःच्या कामाला वापरता येत नाही. तेव्हा बघा काय होतं. व्यापाऱ्याच्या हातातला पैसा म्हणजे फिरता पैसा. व्याज खातो, गुंततो, वाढतो. तोच पैसा संगमरवराच्या छतात गेला की थांबतो. ते छत विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मुलांच्या वाटणीत येत नाही. तीर्थंकर काही देणार नाही हे ठाऊक असूनच ते दिलेलं आहे. नवस नाही, सौदा नाही. ज्याला काही नको त्याला दिलं, तरच ते देणं पुरतं देणं होतं. हे उत्तर आम्हाला पोकळ वाटत नाही.

पण हेही म्हणायला पाहिजे की देणाऱ्याचं नाव दगडावर राहतं. लूण वसहीच्या मागे हस्तिशाळा आहे. दहा संगमरवरी हत्ती, आणि त्यांच्यामागे वस्तुपाल-तेजपालाच्या कुटुंबातल्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती. भक्ताच्या जागी आहेत हे खरं, पण आहेत. पैसा सोडला, नाव सोडलं नाही. आपल्याला यावरून त्यांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे शाळेच्या पंख्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं.

दुसरी अडचण जास्त कठीण आहे. जैन विचारात पृथ्वीसुद्धा सजीव आहे. मातीला, दगडाला पृथ्वीकायिक जीव मानलं आहे. श्रावकाने टाळावेत असे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांत स्फोटिकर्म आहे, म्हणजे जमीन फोडण्याचं, खणण्याचं काम. आता संगमरवराचं देऊळ खाणीशिवाय होईल का? मग देऊळ बांधणं हीच हिंसा नव्हे का? हा आक्षेप बाहेरच्यांचा नाही, तो आतूनच आला. रणकपूरची प्रतिष्ठा झाली १४३९ ला, आणि त्याच शतकाच्या मध्यावर अहमदाबादेत लोंकाशाह उभा राहिला. तो हस्तलिखितांच्या नकला करून देत असे, अशी परंपरा आहे. त्याने आगम वाचले आणि विचारलं की मूर्तिपूजेला आणि देवळांना आधार कुठे आहे? आज मूर्तिपूजा न मानणारी स्थानकवासी परंपरा आपला उगम त्याच्या विचारात बघते. आपल्या महाराष्ट्रात स्थानकवासी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या स्थानकात गेलात तर मूर्ती दिसणार नाही.

मूर्तिपूजक आचार्यांकडे मात्र यावर एक जुनं उत्तर होतं. लोंकाशाहाच्या कितीतरी आधी, आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी ते मांडलं आहे. त्याला कूपदृष्टान्त म्हणतात, म्हणजे विहिरीचा दृष्टान्त. तहान लागली म्हणून माणूस विहीर खणायला घेतो. खणताना तहान आणखी वाढते, अंगाला घाम येतो, चिखल लागतो. पण पाणी लागलं की तहान भागते आणि त्याच पाण्याने चिखलही धुऊन निघतो. तसंच गृहस्थाच्या द्रव्यपूजेचं. फुलं तोडण्यात, देऊळ बांधण्यात थोडी हिंसा घडते. पण त्यातून जो शुभ भाव उपजतो तो ती धुऊन टाकतो.

दृष्टान्त सुंदर आहे. आम्ही कित्येक वर्षं तो वर्गात शिकवत आलो. साध्य आणि साधन यांच्या चर्चेत तो चपखल बसतो. पण दृष्टान्ताची एक रीत असते: तो जेवढा लागू पडतो तेवढाच घ्यायचा. या दृष्टान्तात खणणारा, चिखलात माखणारा आणि पाणी पिणारा एकच माणूस आहे. म्हणून तर हिशोब जुळतो. आता अबूकडे बघा. तहान तेजपालाची. खणणारे आरासणच्या खाणीतले पाथरवट, घाट चढणारे हमाल, महिनोन्महिने पद्मशिला घासणारे कारागीर. शोभनदेवाचं नाव राहिलं, देपाकाचं राहिलं. बाकीच्यांची आपल्याला नावंही ठाऊक नाहीत. चिखल एकाच्या अंगाला आणि पाणी दुसऱ्याच्या ओंजळीत, अशी वाटणी झाली की हरिभद्रांचा युक्तिवाद तसाच्या तसा उभा राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, आठशे वर्षांपूर्वीच्या मजुरांचा हिशोब आज कशाला? पण हा हिशोब जुना नाही. अबूचा डोंगर ज्या सिरोही जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पिंडवाडा नावाचं गाव आहे. देवळांचे कोरीव दगड घडवण्याचं ते आज देशातलं एक मोठं केंद्र आहे. जैन देरासरं म्हणा, हिंदू मंदिरं म्हणा, देशात आणि परदेशात जाणारे खांब, तोरणं, छतं तिथे कोरली जातात. बरंचसं काम आता वाळूच्या दगडात होतं, आणि हाताच्या छिन्नीबरोबर विजेवर चालणारी चकती आली आहे. कोरडा दगड चकतीने कापला की बारीक धूळ उडते. वाळूच्या दगडात सिलिका असते. ती धूळ फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. धूळ न उडू देणं हाच उपाय. त्यासाठी पाणी मारून कापायचं, धूळ ओढून घेणारी यंत्रं लावायची, मुखपट्टी द्यायची. पिंडवाड्याच्या परिसरात कितीतरी घरांत तरुण घडणारे या आजाराने गेले. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या आजारासाठी वेगळं धोरण जाहीर केलं आहे, म्हणजे प्रश्न केवढा आहे हे कळतं.

मघाशी भुकटी लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते याच्यासाठी. दंतकथेत भुकटीच्या वजनाचं सोनं कारागिराला मिळतं. ती कथा लोकांनी का जपली असेल? आम्हाला वाटतं, तिच्यात एक बोच आहे. आपल्या पूजेची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते आहे, तर निदान तिची भरपाई झाली होती असं मानावंसं वाटतं.

आणि याचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. ते लूण वसहीच्या छतातच कोरलेलं आहे. ते देऊळ नेमिनाथांचं. त्यांची कथा तुम्हाला ठाऊक असेल. नेमिकुमाराचं लग्न राजीमतीशी ठरलं. वरात निघाली. वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकू आला. त्यांनी विचारलं, ही कशासाठी कोंडली आहेत? उत्तर मिळालं, तुमच्याच लग्नाच्या जेवणासाठी. नेमिकुमाराने रथ तिथून फिरवला. हा सगळा प्रसंग लूण वसहीत एका छतावर पट्ट्यापट्ट्यांत कोरला आहे: वरात, मंडप आणि कोंडवाड्यातली जनावरं. इतक्या खर्चाच्या, इतक्या देखण्या देवळात कारागिरांनी हा प्रश्न कोरून ठेवला आहे की माझ्या उत्सवासाठी कोण कोंडलं गेलं आहे?

तेव्हा ‘वीतरागासाठी एवढं कशाला’ या प्रश्नाचं आमचं उत्तर असं आहे. देणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ही देवळं अपरिग्रहाच्या विरोधात नाहीत. फिरता पैसा कायमचा थांबवण्याचा तो एक मोठा आणि विचारपूर्वक केलेला प्रयत्न आहे. त्यात नावाचा मोह राहिला, तो माणसाचा आहे. पण घडवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर हिशोब अजून पुरा झालेला नाही. तो पुरा करणं आपल्या हातात आहे, कारण देवळं आजही बांधली जात आहेत. मुंबईत, पुण्यात नवीन मंदिर उभं राहतं तेव्हा त्याचे कोरीव दगड पुष्कळदा राजस्थानातून नाहीतर गुजरातेतून ट्रकने येतात. त्या बांधकाम समित्यांवर आपल्यातले लोक असतात, वर्गणी आपण देतो. दगड किती फुटाचा, कळस किती उंच, हे आपण विचारतो. दगड ओला करून कापला की कोरडा, हेही विचारता येईल. देवळाच्या अंदाजपत्रकात धूळ ओढणाऱ्या यंत्राचा खर्च धरला आहे का, हेही. तेजपालाच्या दुसऱ्या लेखात उत्सवाच्या एकेका दिवसाची वाटणी लिहिली आहे. अशा बारीकसारीक व्यवस्थेला त्या लोकांनी धर्मकार्याचाच भाग मानलं होतं. घडणाऱ्याच्या श्वासाची व्यवस्था त्या यादीत यायला काहीच हरकत नाही.

विहिरीच्या दृष्टान्तात शेवटी चिखल धुतला जातो. फक्त ते पाणी ज्याच्या अंगाला चिखल लागला आहे त्याच्यापर्यंत पोचायला हवं.

पुढच्या व्याख्यानात आपण शत्रुंजयाकडे जाऊ. तिथे एक देऊळ नाही, डोंगरावर देवळांचं गावच वसलेलं आहे. आता कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.